गोष्ट कुठे संपवावी?

माणूस गोष्ट ऐकायला बसला की त्याचा एकच प्रश्न असतो : पुढे काय झाले? उर्दू माध्यमाच्या आमच्या वर्गांत धडा संपवून पुस्तक मिटले तरी मागच्या बाकावरून आवाज येतोच, "सर, फिर क्या हुआ?" या प्रश्नाला कंटाळणाऱ्या शिक्षकाने दुसरी नोकरी पाहावी असे माझे मत आहे. परंतु मुलांच्या तोंडचा हा निरागस प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक मोठा व्यापार बनला आहे. 'गोलमाल'चे २००६ ते २०१७ या काळात चार भाग आले, 'हाऊसफुल'चे २०१० ते २०२५ या काळात पाच. मराठीही मागे नाही. 'मुंबई-पुणे-मुंबई' तीनदा, 'टाइमपास' तीनदा, 'बॉइज' चारदा. चित्रपट संपता संपता खलनायकाचा हात मातीतून हलताना दाखवायचा, म्हणजे पुढच्या भागाचे दार किलकिले राहते.

आता कोणी म्हणेल, यात नीती-अनीतीचा प्रश्न कुठे आला? ज्याला पाहायचे तो पाहील, नाही त्याने घरी बसावे. मला मात्र हा प्रश्न इतका सोपा वाटत नाही. गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक करार असतो. ऐकणारा आपला वेळ, आपले रडणे-हसणे सांगणाऱ्याच्या हवाली करतो. आणि सांगणारा त्याला एका मुक्कामावर नेऊन पोहोचवतो. पोहोचवल्यानंतर 'तो मुक्काम नव्हताच, अजून तिकीट काढा' असे म्हणणे हे कराराला धरून आहे काय?

आपल्याकडे लांबण लावण्याची परंपरा जुनी आहे हे प्रथम मान्य करू. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापायला घेतलेली 'दास्तान-ए-अमीर हमज़ा' वाढत वाढत ४६ जाडजूड खंडांपर्यंत गेली. तिच्यातल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन क़मर यांनी. म्हणजे लेखक बदलला तरी जादूनगरी चालूच राहिली. एका तिलिस्मातून दुसरे, त्यातून तिसरे. दास्तानगोची खरी करामत कथा पुढे नेण्यात नसून ती थोपवून धरण्यात आहे असे मानणारेही होते. नायक दाराशी पोहोचला आहे, पडदा उचलायचा तेवढा बाकी आहे, आणि दास्तानगो पडद्याच्या वर्णनातच रात्रीमागून रात्री काढतो आहे! आजच्या निर्मात्यांनी त्याची शागिर्दी करावी.

पण एक फरक विसरू नये. दास्तानीतला हमज़ा हा कल्पनेतला वीर, इतिहासातील हज़रत हमज़ा (रजि.) यांच्याशी त्याचे नाते नावापुरतेच. तरीसुद्धा एका खंडातली जी दास्तान घरोघरी वाचली गेली, तिचा शेवट उहुदच्या मैदानावर शहादतीनेच होतो. परी आल्या, देव आले, क़ाफ पर्वताची सफर झाली, परंतु उहुद चुकला नाही. ऐकणाऱ्याला पहिल्या रात्रीपासून ठाऊक असे की हा माणूस कुठे पोहोचणार आहे. मधला रस्ता हवा तितका लांबवा, मुक्काम हलवू नका, ही त्या जुन्या लोकांची मर्यादा होती. आजचा व्यवहार नेमका उलटा आहे. रस्ता दोन-अडीच तासांचा, आणि मुक्काम मात्र दर तीन वर्षांनी पुढे सरकवलेला.

याच्या जवळचे दुसरे उदाहरण इब्ने सफी यांचे. उर्दू वाचणाऱ्या कुटुंबात त्यांचे नाव सांगावे लागत नाही. अलाहाबादेतून १९५२ साली 'जासूसी दुनिया' सुरू झाली. १९५५ पासून 'इमरान' मालिका. फरीदी, हमीद आणि इमरान ही माणसे घरातलीच झाली. १९६० च्या सुमारास इब्ने सफी आजारी पडले आणि जवळजवळ तीन वर्षे त्यांची लेखणी थांबली. त्या अवधीत त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन कितीतरी लोकांनी त्यांच्याच पात्रांवर कादंबऱ्या पाडल्या. १९६३ मध्ये 'डेढ़ मतवाले' घेऊन मूळ लेखक परतले तेव्हा वाचकांनी जे स्वागत केले ते उर्दू प्रकाशनाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. २६ जुलै १९८० रोजी ते वारले. इमरान मात्र मेला नाही. इतरांनी, विशेषतः मुलतानच्या मज़हर कलीम यांनी, त्याला शेकडो पुस्तकांत धावायला लावले. वाचकांनी तीही वाचली. पण जुन्या वाचकाला विचारा, तो दोन पाने वाचून सांगेल की हा इमरान 'त्यांचा' नाही. विनोद तोच, कपडे तेच. आतला माणूस निघून गेलेला.

मग मालिका ही गोष्टच वाईट म्हणायची का? तसे नाही. मुल्ला नसरुद्दीन, शेखचिल्ली, बिरबल यांच्या गोष्टींना शेवटचा भाग असतो काय? नसतो, आणि असूही नये. कारण ही माणसे वयाने वाढत नाहीत. शेखचिल्ली ज्या फांदीवर बसतो तीच फांदी तोडतो, खाली पडतो, आणि दुसऱ्या गोष्टीत ठणठणीत उभा असतो. त्याच्या पडण्याने कोणी विधवा होत नाही. आमच्या भागातली मुले यूट्यूबवर मालेगावच्या 'छोटू दादा'ची खानदेशी कॉमेडी पाहतात. छोटू कधी ट्रॅक्टरवाला असतो, कधी गोलगप्पे विकतो. काल काय झाले याची आज आठवण ठेवण्याची सक्ती नाही. तो शेखचिल्लीचाच वंशज आहे आणि त्याने हवे तितके दिवस धंदे बदलावेत. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' (२००३) नंतर आलेला 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) हाही याच जातीचा. तीच जोडी, पण मागची कथा ओढत न आणता तिने नवाच प्रश्न विचारला; गांधीजींचे विचार आज गल्लीत चालतील का, हा. असा नवा प्रश्न हाती असेल तर दुसऱ्या भागाला कोण हरकत घेईल?

अडचण येते ती ज्या गोष्टीत माणसाचे आयुष्य पणाला लागलेले असते तिथे. सत्यजित राय यांनी अपूची कथा तीन चित्रपटांत सांगितली, १९५५ ते १९५९. बालपण, तारुण्य, संसाराची राखरांगोळी आणि शेवटी मुलाला खांद्यावर घेऊन निघालेला बाप. राय पुढे तीसेक वर्षे चित्रपट करीत राहिले, अपूकडे परत गेले नाहीत. आणि 'मुग़ल-ए-आज़म'चे पाहा. त्या चित्रपटात अनारकली भुयारातून जिवंत सुटते. आजचा निर्माता असता तर ते भुयार म्हणजे दुसऱ्या भागाचा करारनामाच! आपल्याकडे २००४ साली त्याला रंग चढवले गेले, पण भुयाराच्या पलीकडे कॅमेरा कोणी नेला नाही, हे आपले नशीब.

'शोले'चा इतिहास तर या प्रश्नासाठी एक धडाच आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला चित्रपट लागला. पहिल्या दिवसांत प्रतिसाद थंड होता. घाबरलेल्या मंडळींत बैठक झाली आणि असा विचार पुढे आला की जयला मरू देऊ नये, शेवट पुन्हा चित्रित करावा. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी सोमवारपर्यंत थांबायचे ठरवले, आणि जय मेलेलाच राहिला. एका सोमवारचा सब्र! तो नसता तर काय झाले असते याचा विचार करा. दोन्ही बाजू सारख्या असलेले ते नाणे, विधवा राधाने बंद करून घेतलेली खिडकी, वीरूचा आक्रोश, हे सारे खोटे पडले असते. या चित्रपटाचा दुसरा शेवट मात्र खरोखरच बदलला गेला. ठाकूर गब्बरला ठार मारतो हे आणीबाणीच्या काळात सेन्सॉरला मानवले नाही. म्हणून ऐनवेळी पोलीस येतात. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली. म्हणजे एक शेवट भीतीने बदलता बदलता वाचला, दुसरा हुकमाने बदलला. आज शेवट बदलतो तो हिशेबाने.

याच 'शोले'ने मालेगावात जे घडवले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यावर, पन्नास हजारांच्या आसपास खर्चात, 'मालेगाव के शोले' केला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. त्या एका सुट्टीच्या दिवशी चित्रपटगृहाबाहेर रांगा लावणाऱ्या कामगारांनी आपल्याच गल्लीतल्या माणसाला गब्बर झालेला पाहिले. ज्या शहराचे नाव बाहेरच्या वर्तमानपत्रांत केवळ दंगल किंवा बाँबस्फोट झाल्यावर येत असे, त्या शहराचे नाव हसण्याशी जोडले गेले. हे काय होते? 'शोले'चा दुसरा भाग? मुळीच नाही. मालेगावच्या कामगाराला वीरू-बसंतीच्या मुलांचे काय झाले याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला तोच 'शोले' पुन्हा हवा होता, आपल्या बोलीत, आपल्या चेहऱ्यांनी.

मला वाटते सारा गोंधळ इथेच आहे. प्रेक्षक 'पुन्हा' म्हणतो आणि व्यापारी 'पुढे' असे ऐकतो. या दोन मागण्या वेगळ्या आहेत. मोहरममध्ये करबलाची हकीकत दरसाल सांगितली जाते. मीर अनीस यांना जाऊन दीडशे वर्षे झाली, त्यांचे मर्सिये आजही पढले जातात. शेवट प्रत्येकाला माहीत आहे, तरी डोळे ओले होतात. आणि त्या शोकात बसलेल्या कोणालाही त्या हकीकतीला नवे प्रकरण जोडावेसे वाटत नाही. लहान मूल रात्री आजीकडे कालचीच गोष्ट मागते, आणि आजीने एक शब्द बदलला तर भांडते. 'पुन्हा'ची भूक ही प्रेमाची भूक आहे. तिला 'पुढे'चा घास भरवला की पोट भरत नाही, म्हणून मूल आणखी मागते, आणि व्यापाऱ्याला वाटते मागणी वाढली.

याचा ताजा पुरावा आपल्या महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लावला, आणि पहिल्या खेपेपेक्षा त्याने जास्त कमाई केली. लोकांनी स्पष्टपणे 'पुन्हा' म्हटले होते. त्यावर निर्मात्यांनी काय केले? त्याच दिवसांत 'तुंबाड २' जाहीर केला! ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना यातली गंमत कळेल. ती गोष्टच मुळी थांबता न येणाऱ्या माणसाची आहे. विनायक हस्तरच्या कमरेची एक-एक मोहर काढत श्रीमंत होतो, मुलालाही तेच शिकवतो, आणि शेवटी सगळेच एकदम मिळावे म्हणून जातो. सगळे हाती आल्यावर तो ते मुलापुढे धरतो आणि पांडुरंग ते नाकारतो. त्या पोराच्या नकारावर चित्रपट संपतो. आता दुसरा भाग काढायचा म्हणजे विहिरीत पुन्हा कोणीतरी उतरले पाहिजे. तो कितीही उत्तम निघो, पण पांडुरंगाचा नकार आपण किती मोलाचा मानला हे तो भाग पाहायला जाताना प्रत्येकाने मनाशी विचारावे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. चित्रपट हा शेकडो माणसांच्या पोटाचा धंदा आहे. नव्या कथेत पैसा बुडाला तर दिवे धरणारा, कपडे शिवणारा, जेवण वाढणारा घरी बसतो. जुन्या नावाचा दुसरा भाग निदान मजुरी तरी काढून देतो. इब्ने सफींच्या नकला करणाऱ्यांच्याही घरात चूल होतीच. मी स्वतः पगारदार माणूस, दुसऱ्याच्या रोजीला नावे ठेवण्याचा मला अधिकार किती, हा विचार मनात येतो. परंतु हा युक्तिवाद किती ताणायचा यालाही मर्यादा आहे. नव्या कथेवरही तेच दिवे लागतात, तेच शिंपी बसतात. 'मालेगाव के शोले' करणाऱ्यांपाशी तर जुन्या नावाशिवाय काहीच नव्हते, तरी ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. परदेशातल्या नायकाला आपल्या गल्लीतला आजारी, हाडकुळा, गटारीत पडणारा माणूस केले. गरिबीने कल्पना मारली नाही. मोठ्या भांडवलाने ती मारावी हे नवलच म्हणायचे. गरज पुढच्या भागाची फक्त रस्त्यांना आणि रुळांना असते. आमच्या पहूरवरून जाणारी पाचोरा-जामनेर छोटी गाडी, लोकांची 'पीजे', २०२० मध्ये थांबली. तिच्या जागी मोठ्या रुळांची गाडी आलीच पाहिजे, त्यात दुमत नाही.

ऐकणाऱ्याच्या इच्छेला मात्र दोष देण्याचे कारण नाही, आणि याबाबत आपल्या परंपरेत एक विलक्षण दाखला आहे. चित्रपटांशी तुलना करण्याचा येथे हेतू नाही, अदब सांभाळूनच लिहितो. सूरह कहफमध्ये हज़रत मूसा (अ.) आणि अल्लाहचा तो ज्ञानी बंदा, ज्यांना आपण हज़रत ख़िज़्र म्हणून ओळखतो, यांच्या प्रवासाची हकीकत आहे. अट एकच होती, मी स्वतः सांगेपर्यंत विचारू नका. नाव फोडली गेली, मुलगा मारला गेला, पडकी भिंत उभी केली गेली. तीन वेळा हज़रत मूसांना राहवले नाही आणि तिथे वाटा वेगळ्या झाल्या. बुख़ारीत हदीस आहे की ही हकीकत सांगताना प्रेषितांनी (स.) इच्छा व्यक्त केली : मूसांनी आणखी सब्र केला असता तर आपल्याला त्या दोघांचे आणखी ऐकायला मिळाले असते. 'पुढे काय झाले' हे ऐकण्याची ओढ किती मानवी आहे हे यावरून कळते. तरीही हकीकत तिथेच थांबली. त्यात चौथा प्रसंग नाही. तिन्ही प्रसंगांचा उलगडा मात्र पूर्ण दिला गेला, ऐकणाऱ्याला अर्धवट टांगून ठेवले नाही. त्याच सूरहमध्ये गुहेत झोपलेल्यांची हकीकत आहे, आणि ते किती जण होते यावर वाद घालत बसू नये असेही सांगितले आहे. जे सांगायचे ते सांगून झाले. उरलेल्या कुतूहलाचे काय करायचे हे माणसाने शिकायचे.

आता प्रश्न आणखी पुढे गेला आहे. 'रांझणा' (२०१३) मध्ये बनारसचा कुंदन शेवटी मरतो. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्याची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा ज्या कंपनीकडे हक्क होते तिने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट बदलून कुंदनला जिवंत केले. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर विरोध केला. कायद्याच्या कागदावर कंपनी मालक असेल. पण झोयाने ज्या मृत्यूची जबाबदारी उचलली होती तो मृत्यूच काढून घेतला, तर तिने जे केले ते काय उरले? तिचा पश्चात्तापही त्यासोबत खोडला गेला. आपण मुलांना शिकवतो की केलेल्या कर्माचा हिशेब असतो, गेलेली घडी परतत नाही. कथेतले मरण ही मुलाची या सत्याशी बहुधा पहिली ओळख. जयच्या मरणावर रडलेल्या पिढीला ती ओळख 'शोले'ने करून दिली. जिथे प्रत्येक मेलेला पुढच्या भागात उठतो तिथे पोरांना मरणाचे काहीच वाटेनासे होते, आणि हे मी वर्गात रोज ऐकतो : "सर, वो मरा नहीं होगा, पार्ट टू में आएगा."

आणि खरोखर मेलेल्यांचे काय? अमेरिकेतील 'फास्ट अँड फ्युरियस' मालिकेचा नट पॉल वॉकर नोव्हेंबर २०१३ मध्ये अपघातात गेला, तेव्हा सातव्या भागाचे काम अर्धवट होते. त्याच्या दोन भावांना उभे करून, त्यांच्यावर संगणकाने त्याचा चेहरा चढवून चित्रपट पुरा केला आणि तो २०१५ ला लागला. शेवटी त्याच्या पात्राला निरोप दिला, तेवढी सभ्यता पाळली. मालिका मात्र पुढे चालूच राहिली. मालेगावच्या सुपरमॅनचे काम करणारा यंत्रमाग कामगार शफीकही कर्करोगाने गेला. फ़ैज़ा अहमद ख़ान यांच्या २००८ च्या माहितीपटात तो स्वतः दिसतो. पुढे रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' केला, जो फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे लागला, तेव्हा शफीकची भूमिका दुसऱ्या नटाने, स्वतःच्या चेहऱ्याने केली. हे सांगणे 'पुन्हा'चे होते, आणि ते कोणाला खटकले नाही. माणूस गेल्यावर त्याचे घर, त्याचा माग, त्याच्या चित्रपटाचे उत्पन्न वारसांत वाटले जाते, त्याचे हिस्से शरीअतने ठरवून दिले आहेत. चेहरा त्या यादीत नाही. वारसांनी जुन्या कामाचे पैसे घ्यावेत. पण त्या चेहऱ्याकडून नवे शब्द बोलून घेण्याची परवानगी देणारा एकच माणूस होता, आणि तो आता हो किंवा नाही म्हणू शकत नाही.